पाववाल्याची घंटी

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, इथे पोरांचा कालवा आहे… कोण?… अगं बाई. तू?… रात्रीच्या वर्गात माझ्या पाटीवर निम्मी जागा अडवून बसायची, ती तू?… आवाज ओळखला नाही बघ. जाड झालाय तुझा आवाज… मीही जाड झालेय, पण ते फोनवर दिसत नाही हे बरं.

हो, हो… दिवस कसले, वर्षं झाली. थांब, नेमकं सांगते. आमच्या लेकीला जुळी झाली तेव्हा तू दोन टोपडी विणून आणली होतीस, एक हिरवं, एक पिवळं. आणि त्याच महिन्यात सामान बांधून तुझ्या लेकीकडे राहायला गेलीस. जुळ्यांचं वर्ष ते… नंबर हरवला म्हणजे? भिंतीवर लिहून दिला होता मी तुझ्या… हो, भिंत कुठे बरोबर नेणार म्हणा.

मग आत्ता कुणी दिला?… शिंप्यानं? आपल्या जिन्याखालच्या?… तिकडे आलाय होय तो. तोही त्याच वर्षी दुकान गुंडाळून गेला… काय म्हणाला?… परत सांग… पाववाल्यानं भर मैदानात घंटी वाजवली आणि नातीचं नशीब घालवलं?… असं म्हणाला? मेला. सदऱ्याची एकच बाही शिवून दिली त्यानं तुला.

नाही गं, खोटं नाही. घंटी वाजली, ह्यांनीच वाजवली. पण पुढचं कळायच्या आधीच तो गेला ना इथून. आणि तू लगेच फोन केलास, शिव्या घालायला… काळजीनं, बरं. काळजीनं.

हं?… ऐकू आली तुला? हो, तीच घंटी… अरे, ठेव ती खाली. डोक्यात घालशील भावाच्या… घरात आहेत का म्हणजे?… अगं ऐक ना. आधी गोष्ट ऐक पहिल्यापासून. चार वाजता मला फोन ठेवायचाय, त्याच्या आत सांगून होते… का ते शेवटी कळेल. तू आपली मधे मधे बोलू नकोस… हो, मला माहितेय तू बोलणारच.

भिंगरी आठवते ना?… माझी नात, लेकीची थोरली. पावाच्या टोपलीत बसून हिंडायची ती. तिला एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही म्हणून भिंगरी. शाळेच्या हजेरीत वेगळं नाव आहे, ते मास्तरांनाच ठाऊक.

आणि ह्यांची सायकल आठवते? पुढे एक टोपली, मागे एक टोपली, आणि दांडीला ती पितळी घंटी, वाडग्याएवढी. दोरी ओढली की तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या. तू खिडकीतून शिव्या द्यायचीस… द्यायचीस गं. आणि मग खाली येऊन तूच दोन पाव जास्त घ्यायचीस.

आता आपला तो चढ. माझे गुडघे ज्यानं खाल्ले तो. हे चढाच्या पायथ्याशी आले की घंटी वाजवायचे, आणि भिंगरी असेल तिथून, तोंडात अर्धा घास, धावत खाली जायची आणि मागून सायकल ढकलायची. घंटी म्हणजे आजोबा चढाशी अडलेत, इतकंच तिला माहीत. झोपेत असली तरी उठून पळायची. एकदा तर अंगाला साबण लावलेला आणि… जाऊ दे, आता मोठी झाली ती, चिडेल. पण ही घंटी लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

मग ढकलता ढकलता ती चालवायला लागली. मग क्लबात गेली. मग त्या लाकडी रिंगणात… रिंगण म्हणजे, कसं सांगू तुला. एक मोठी लाकडी कढई समज, छपराखाली. कडेनं उभी, खाली सपाट होत आलेली. त्या कढईच्या कडेनं ह्या पोरी गोल गोल जातात. आणि त्या सायकलीला ब्रेक नाही… नाही म्हणजे नाहीच. घंटीही नाही. मी विचारलं, मग थांबता कशा गं? तर म्हणाली, आजी, थांबायला तिथे जातंय कोण?

हो, हो, येतेय तिकडेच. चौघींचा खेळ आहे तो. चौघी एकीमागे एक, इतक्या चिकटून की मधून हात जायचा नाही. पुढची वारा अंगावर घेते, मागच्या तिघींना आडोसा. पुढची दमली की ती कढईच्या कडेला वर चढते, तिघींना खालून जाऊ देते, आणि सगळ्यात मागे येऊन चिकटते. मग दुसरी पुढे… हां, अगदी तसंच. तुझं लोखंडी कपाट जिन्यानं वर नेलं होतं आपण, खालच्या बाजूला पाळीपाळीनं… माझी पाळी जरा जास्त लांबली होती, ते मी विसरले नाहीये.

आणि घड्याळ कधी थांबतं माहितेय? तिसरीचं चाक रेषेवर आलं की. पहिलीचं नाही, चौथीचं नाही. एक मागे राहिली तर चालतं. दोन राहिल्या की संपलं… बरोबर. समजलं तुला. मला दोन दिवस लागले होते.

तर त्या वर्षी, जुळ्यांच्या वर्षी, आपल्या देशाच्या संघाला ऑलिंपिकला जाता येईल का ते ठरायचं होतं. कुणीही उठून जायचं असं नसतं तिथे. परदेशात पात्रतेची शर्यत, तिच्यात जे देश वर येतील त्यांनाच जागा. त्या शर्यतीला पाठवायच्या पाच मुली. चार पळणार, एक हाताशी. आणि निवडीच्या चाचणीला आल्या आठ. भिंगरी त्या आठांत… एकोणीस वर्षांची… हो गं, बोट धरून हिंडत होती ती. सायकल क्लबाची, आमची कुठली. निवड झाली तर सायकल तिच्याकडे राहणार, नाही झाली तर परत. मग काय, पावाचीच सायकल. हे बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं, जेवताना घास फिरायचा तोंडात.

एरवी तिची आई जायची बरोबर. पण त्या वेळी आईच्या मांडीवर ही दोन. एक रडायचं थांबलं की दुसऱ्याची पाळी. मग निघालो आम्ही म्हातारा-म्हातारी.

निघताना ह्यांनी टॉवेलात काहीतरी गुंडाळून पिशवीत घातलं. मला वाटलं, जोडे. पिशवी उचलून बघितली तर खांदा निखळायचा. विचारलं, काय आहे? म्हणाले, औषध. मी म्हटलं, एवढं जड औषध कुठल्या रोगावर? तर खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या रिंगणाच्या दारात एक पाटी लावलेली. मी उभी राहिले वाचत… वाचणारच. एवढ्या उशिरा शिकलो, आता एकही पाटी सोडत नाही मी. सावकाश वाचून दाखवलं ह्यांना. 'शिट्ट्या, भोंगे, ढोल आत नेण्यास मनाई आहे.' हे ऐकून घेतात, आणि विचारतात काय, घंटी लिहिलीय का त्यात? मी म्हटलं, नाही. झालं. औषध कुठलं ते तिथे कळलं मला, पण तोवर हे आत शिरलेसुद्धा.

हसू नकोस. पुढे ऐक.

बसायला लाकडी पायऱ्या. खाली चार-पाच जणी हातात घड्याळं घेऊन. निवडीच्या मुख्य बाई मधे उभ्या, आखूड केस, गळ्यात चष्मा, कुणाशी हसायचं नाही असं ठरवून आलेल्या. आणि रेषेजवळ एक पंच, त्यांच्यापुढे खांबाला टांगलेली घंटा. काय करतात तिचं?… सांगते. शेवटची फेरी उरली की पंच ती वाजवतात. पोरींच्या माना खाली, कानात वारा, फेऱ्या मोजायला शुद्ध कुठली. घंटा ऐकली की काय तो उरलासुरला जीव काढायचा, एवढंच… आता आलं ना लक्षात? आलं. मला नव्हतं आलं तेव्हा. ह्यांनाही नव्हतं.

पहिल्या चौघी पळून झाल्या. छान पळाल्या. मग भिंगरीच्या चौघी. त्यांत एक उंचच उंच पोर होती, तिला सगळे शिडी म्हणत. शिडीची ही शेवटची संधी, वय झालं होतं म्हणे तिचं… सव्वीस. खेळात सव्वीस म्हणजे आपण दोघी.

चौघी सुटल्या. काय सांगू तुला, पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. शिडी पुढे, मग भिंगरी पुढे, मग तिसरी, असं चाललेलं. बऱ्याच फेऱ्या झाल्या. भिंगरी आमच्यासमोरून गेली ती तोंड वेडंवाकडं करून. दमली होती. ह्यांनी ते पाहिलं. आणि ह्यांना काय वाटलं असेल? पोर चढाशी अडली. आजवर घंटी वाजली की ही आपल्याला ढकलायला यायची, आता आपण वाजवू, तिला जोर येईल. मी ह्यांच्या हाताकडे बघते तोवर टॉवेल खाली पडला होता. उठून उभे राहिले आणि दिली की दोरी ओढून.

अगं त्या छपराखाली ती घंटी… देवळातसुद्धा एवढी घुमत नाही. आणि फेऱ्या अजून चार बाकी.

पुढे काय. तिघी उधळल्या. शेवटची फेरी समजून जीव तोडून सुटल्या, शिडी सगळ्यांत पुढे. एकटी भिंगरी तेवढ्याच चालीनं. ती घंटी कुठली ते तिला पहिल्या ठोक्याला कळलं. मागून ओरडत होती, नाही, नाही, अजून आहे. कोण ऐकतंय. एक फेरी त्या तिघी वाऱ्यासारख्या गेल्या, आणि रेषेवर आल्या तर पंच तीन बोटं दाखवून ओरडतायत, अजून तीन. तेव्हा उमजलं त्यांना. पण पायांत काही उरलं नव्हतं. फुगा सोडल्यासारख्या झाल्या. भिंगरीनं हळूहळू त्यांना गाठलं, पुढे झाली, आणि दोघींना आपल्या मागे लावून रेषेपर्यंत ओढत आणलं. शिडी मागे राहिली. ती आली, सायकलवरून उतरली आणि तशीच फळीवर बसून रडली.

आणि सगळं मैदान वर बघतंय. हे उभे, हातात घंटी, तिचा लोळा अजून हलतोय.

पंच आले जिना चढून. लाल झालेले. विचारलं, कुणी वाजवली? हे म्हणाले, मी. पंच म्हणाले, पाटी वाचली नाही दारातली? आणि ह्यांनी माझ्याकडे बोट केलं, म्हणाले, हिनं वाचून दाखवली, त्यात घंटी नाहीये… मी? मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. शिकल्याचा पश्चात्ताप मला तेवढा एकदाच झाला.

शिंप्यानं ऐकलं ते इथवरचं. आता पुढचं ऐक.

बाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. आम्हालाही. मला वाटलं, पोरीला घरी पाठवतात. तर बाई म्हणाल्या, चौघींत डोकं ठिकाणावर ठेवलं ते हिनं एकटीनं. गोंधळातसुद्धा आपली चाल सोडली नाही. असली मुलगी मला संघात पाहिजे. असं म्हणून भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला… हो ना. मी मनात म्हटलं, पावली गं बाई ती घंटी. शिडी तिकडे हुंदके देतेय, तरी म्हटलं, आपलं काम झालं, आता गप्प राहायचं.

आणि ही पोर गप्प बसेल तर शपथ. म्हणाली, "बाई, डोकं नाही माझं. ती घंटी आमच्या घरची आहे. तिच्यामागे मी लहानपणापासून धावलेय, म्हणून मला कळलं. ह्या तिघींना कसं कळणार? परत पळवा आम्हाला."

मला वाटलं, पुढे होऊन तोंड दाबावं हिचं. हातात आलेलं कुणी असं सोडतं?… तू सोडलं असतंस? खरं सांग… बघ. आणि मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे घंटी पोटाशी धरून उभे, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा की जसं काही पोरीला पदक मिळालं.

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिला नीट बघितलं. मग म्हणाल्या, परत पळालीस आणि मागे पडलीस तर आत्ता बोलले ते मी विसरेन. भिंगरी म्हणाली, विसरा. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आणि आजोबांना आत सोडायचं नाही, असं दारवानाला बजावून सांगितलं.

थांब हं जरा… तोंडातलं काढ. काढ आधी… बटण आहे ते… काही नाही गं, हिरव्या टोपड्याचा. पिवळ्याचा वाजवतो आणि हिरव्याचा खातो… कुठे होते मी?… हां.

संध्याकाळी खोलीवर हे खाटेवर बसले. मांडीवर घंटी. चहाला हात लावेनात. शेवटी म्हणाले, घरी गेलो की भंगारात देतो ही. मी म्हटलं, आणि पहाटे पावाला लोक कसे उठणार? तर म्हणाले, नाही उठले तर नाही उठले. कधी ऐकलंस असं त्यांच्या तोंडून?… मीही नव्हतं ऐकलं.

तेवढ्यात दार वाजलं. बघते तर शिडी. दारात मावेना. म्हटलं, आता ही भांडणार, आणि हक्क आहे तिचा. ती सरळ आत आली, ह्यांच्यापुढे खाली बसली आणि म्हणाली, बघू आजोबा ती घंटी. घेतली हातात, टिचकी मारली, हसली. म्हणाली, "शेवटची फेरी समजून मी आज जशी सुटले ना, तशी आयुष्यात कधी सुटले नव्हते. माझ्यात एवढं आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. उद्या वाजवा. फक्त वेळेवर वाजवा."

अगं, चारही पोरी त्या पंचांकडे गेल्या. पंच माणूस कडक, पण आतून मऊ, शिळ्या पावाचं उलटं. आधी नाही म्हणाले. मग नियम काढून बसले. मग म्हणाले, शेवटच्या फेरीला घंटा वाजली पाहिजे एवढंच लिहिलंय, कुणी वाजवायची ते कुठे लिहिलेलं दिसत नाही. आता मी तुला सांगते, ह्यांची मान जी ताठ झाली. माझ्याकडे असं बघितलं की जसं काही पाटीचा मुद्दा कोर्टात जिंकले.

सकाळी दारवान अडवतोय आणि आतून पंच हाक मारतायत, येऊ द्या त्यांना. रेषेजवळ दोघं शेजारी शेजारी बसले. पंचांनी आपली घंटा बाजूला केली, ह्यांची टांगली. म्हणाले, आजोबा, दोरी तुमच्या हातात आणि तुमचा हात माझ्या हातात. मी सोडला की ओढायची. खरंच मनगट धरून बसले हो ते, बायकांनी बांगड्या भरायला धरावं तसं.

सुटल्या पोरी. मी ह्या वेळी पोरींकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते. घाम कपाळावरून नाकावर, पुसायला हात मोकळा नाही. भिंगरी समोरून जाते, तोंड वेडंवाकडं, आणि ह्यांचा खांदा उचलतो. पंच दाबून धरतात. पुन्हा येते, पुन्हा खांदा उचलतो… हसतेस काय, माझा जीव टांगणीला लागला होता. मग पंचांनी हात सोडला.

आणि हे बसलेत तसेच. हात हलेना. पंच कुजबुजले, आजोबा, आता. तरी नाही. अगं, पोरी वळणावर आल्या. मग मी ओरडले वरून, अहो, चढ आला. तेव्हा कुठे ओढली दोरी. काय ओढली म्हणतेस, सगळ्या गावाला पाव वाटायचा होता जणू.

भिंगरी पुढे होती तेव्हा. घंटी ऐकली आणि अशी काही सुटली, मागच्या तिघींना मोटारीला बांधल्यासारखं ओढत नेलं तिनं. अर्धी फेरी सगळा वारा एकटीनं घेतला. आणि मग संपली. कढईच्या कडेला वर गेली, तिघी खालून निघून गेल्या, शिडी पुढे, आणि ही मागे, मागे, आणखी मागे. तिघी रेषेवर पोहोचल्या तेव्हा ही अजून लांब होती. लटपटत आली.

ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, परत घालवलं मी. उशीर केला.

पंचांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, घड्याळ तिसरीला थांबतं. ती वारा खाऊन संपली म्हणूनच त्या तिघी एवढ्या लवकर आल्या. ढकलणारा चढाच्या वर पहिला पोहोचतो का कधी?"

तेवढं मात्र ह्यांना बरोबर समजलं.

मग बाईंनी आठही जणींना उभं केलं आणि पाच नावं घेतली. पहिलं शिडीचं. दुसरं पहिल्या चौघींतलं, तिसरंही त्यांच्यातलं. चौथं कुणाचं ते मला ऐकूच आलं नाही, कानात नुसतं घों घों. भिंगरीचं नव्हतं एवढं कळलं. हे माझा हात दाबतायत की मी त्यांचा, कळत नव्हतं. आणि पाचवं… हो. हो गं. भिंगरीचं… बाई म्हणाल्या, काल बोलले ते विसरले आहे, हे आजचं आहे. आणि हसल्या. दात बरे होते त्यांचे, एरवी का लपवायच्या कोण जाणे.

अगं रडतेस काय? मी रडले नाही तेव्हा. मी शिडीचं तोंड बघत होते. तिनं ह्यांना उचललं होतं, घंटीसकट.

हो, हो… पात्रतेची शर्यत ना? ती पुढच्या वर्षी झाली. टीव्हीवर लागली. आम्ही सगळे इथेच ह्या खोलीत, जुळी मांडीवर निजलेली. शेवटच्या फेरीला तिकडे त्यांची घंटा झाली आणि इकडे ह्यांनी आपली वाजवली. दोन्ही पोरं दचकून उठली, लेक ह्यांच्यावर खेकसली, आणि त्या गडबडीत संघ पात्र झाला ते कुणी पाहिलंच नाही. मग परत दाखवलं तेव्हा पाहिलं. पात्र झालेल्यांत सगळ्यात शेवटचा नंबर आपला. हे म्हणाले, असू दे, शेवटचा पावही भट्टीत तेवढाच भाजतो.

तर आज ऑलिंपिकला पळतेय ती. आज, चार वाजता. म्हणून म्हटलं, चारला फोन ठेवायचाय… अगं खरंच. थट्टा कशाला करू? लाव टीव्ही. चौघींत शिडी दिसेल, तिच्या मागे बुटकी दिसेल ती भिंगरी. कर गलका, कर. तुझ्या जावयालाही उठव.

काय म्हणतेस?… फोन दे त्यांना?… कशाला… चिडवायचंय, हं. शिंप्याचा निरोप द्यायचाय.

नाही गं… नाही, झोपलेले नाहीत. ती घंटी वाजतेय ती पिवळ्या टोपड्याचा वाजवतोय.

हे नाहीत गं आता.

हॅलो?… आहेस ना?… अगं ऐक ना. रागावू नकोस. मी फोन उचलल्या उचलल्या तू त्यांना शिव्या घातल्यास ना, तेव्हाच सांगणार होते. मग म्हटलं, नको. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची गोष्ट सांगायला घेतली की लोक आधीच चेहरे पाडून बसतात, कुणी हसतच नाही. तुला ठाऊक नव्हतं. म्हटलं, एकीला तरी ही गोष्ट होती तशी ऐकू दे. छान हसलीस गं तू. पाटीच्या वेळी तर किती हसलीस.

भिंगरी तेव्हा?… हो, होती ना. ती होती इथेच. खांदा तिनंही दिला. चढावर मागे होती.

बरं, पोरांनी टीव्ही लावला, आल्या बघ बाहेर मुली… ठेवते आता. तूही लाव. रडत बसू नकोस, शेवटच्या फेरीला घंटा होईल ती नीट ऐक, आम्ही इकडून वाजवणार आहोत… कधी म्हणजे?… हो, तेही सांगते. ह्या वर्षीच, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला. पहाटे, पाव निघायच्या वेळेला गेले.